सही कुणाच्या हातात

मराठवाड्यातल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात, परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी, काचेच्या फळ्यात एक कागद डकवलेला आहे. वर ठळक अक्षरांत ‘विशाखा समिती’, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती, खाली नावं. त्यातल्या अध्यक्ष मॅडम निवृत्त होऊन गेल्या आहेत, एका सदस्याची बदली झाली आहे. संपर्कासाठी दिलेला क्रमांक कार्यालयातल्या लँडलाइनचा. तो वाजतो वरिष्ठ लिपिकांच्या टेबलावर. समितीबद्दल विचारलं तेव्हा नॅक मूल्यांकनाची फाइल समोर आली. फाइल मात्र चोख. ठराव, इतिवृत्तं, ८ मार्चच्या व्याख्यानाचे फोटो, कराटे वर्गाचे फोटो, फोटोंखाली तारखा. प्रत्येक वर्षाच्या अहवालात ‘प्राप्त तक्रारी’ या रकान्यापुढे ‘निरंक’. “आपल्याकडे तसलं काही नसतं,” लिपिक समाधानाने म्हणाले.

एवढ्या मुली शिकतात तिथे वर्षानुवर्षं निरंक. याचा एक अर्थ लिपिकांनी सांगितलाच. दुसरा असा, की फळ्यावरचा क्रमांक कुणाच्या टेबलावर वाजतो हे मुलींना पक्कं ठाऊक आहे. मला दुसरा खरा वाटतो.

पुण्यात एक ताई आहेत. काही कंपन्या, दोन-तीन महाविद्यालयं, एक सहकारी बँक अशा ठिकाणच्या समित्यांवर त्या बाहेरच्या सदस्य म्हणून जातात. कायद्यानेच तशी सोय ठेवली आहे: निम्म्याहून कमी बायका नकोत, अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरची स्त्री हवी आणि एक सदस्य संस्थेच्या पगारावर नसलेला, सामाजिक कामातला हवा. तक्रारदार समोर बसली की ताई ‘काय झालं’ असं लगेच विचारत नाहीत. विचारतात, “तुझ्या कुठल्या कुठल्या कागदावर त्याची सही लागते?” मुली आधी बुचकळ्यात पडतात, मग बोटं मोजू लागतात. पीएचडी करणारी सांगते: सहामाही प्रगती अहवाल, फेलोशिपचे कागद, परिषदेला जायची परवानगी, प्रयोगशाळेत उशिरा थांबायचं पत्र, सिनॉप्सिस, शेवटी प्रबंधातलं गाइडचं प्रमाणपत्र. त्यावर शिफारसपत्र, जे मिळालं नाही तर कुठे दादही मागता येत नाही. कंपनीतली सांगते: रजा, अप्रेझल, प्रोजेक्ट बदल, रिलीव्हिंग लेटर.

“यादी झाली की निम्मं प्रकरण कळतं,” ताई म्हणाल्या. “रात्री अकरा वाजता सरांनी ‘जेवलीस का’ विचारल्यावर ती ‘हो सर, तुम्ही?’ असं का लिहीत होती, ते त्या यादीत असतं.” पुढे चौकशीत त्याच मेसेजची प्रिंट समोर येते आणि बाजू मांडणारा म्हणतो, बघा, तीही बोलत होतीच की.

दोष तिच्याच पदरात टाकणारं हे ‘बोलत होतीच की’ किती जुनं आहे बघायचं तर थोडं लांब जावं लागेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाच्या गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथे कार्मिता वुड ही एका प्रयोगशाळेत प्रशासकीय सहायक होती. एका नामांकित भौतिकशास्त्रज्ञाच्या लगटीला कंटाळून तिने १९७४ साली नोकरी सोडली. बेकारभत्ता मागायला गेली तर तो नाकारला गेला, कारण तिने ‘वैयक्तिक कारणासाठी’ नोकरी सोडली असं ठरलं. तिच्याभोवती काही बायका जमल्या. १९७५च्या मे महिन्यात त्यांनी इथाकातच सभा भरवली, आणि हॉटेलातल्या वाढपिणींपासून कचेरीतल्या टंकलेखिकांपर्यंत एकेक जण उठून बोलू लागली. कायद्यांचा, समित्यांचा आजचा सगळा पसारा तिथून सुरू होतो. आपल्याकडच्या आस्थापना विभागात जुन्या फाइली चाळल्या तर बायकांच्या राजीनाम्यांवर ‘घरगुती कारणास्तव’ हा शेरा किती ठिकाणी दिसेल! तो राजीनामा देणारीच लिहिते, कारण दुसरं काही लिहिलं तर अनुभवाचं प्रमाणपत्र अडेल.

भारतातली गोष्ट बहुतेक वाचकांना माहीत आहे, तरी तिचा एक धागा हातातून सुटू नये. भंवरीदेवी राजस्थानातल्या भटेरी गावच्या. राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या. १९९२च्या आखातीजला (अक्षय्य तृतीयेला) त्यांनी एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. कुटुंब गावातल्या वरचढ जातीचं, भंवरीदेवी कुंभार. २२ सप्टेंबर १९९२ला शेतात त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडलं. महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेलेला मुद्दा वेगळा होता: सरकारने सांगितलेलं काम केलं म्हणून हे झालं, मग कामावर पाठवणाऱ्याची जबाबदारी कोणती? १३ ऑगस्ट १९९७ला ‘विशाखा’ निकाल आला. न्या. जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने, कायदा होईपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. देशभरातल्या नोकरदार बायकांना एक ढाल मिळाली. भंवरीदेवींच्या प्रकरणातलं अपील मात्र राजस्थान उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं पडून राहिलं.

तत्त्वं झाली तरी समित्या होईनात. तेव्हा पुण्याच्या ‘आलोचना’च्या मेधा कोतवाल-लेले सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्या याचिकेवर १९ ऑक्टोबर २०१२ला निकाल लागला: विशाखाची तत्त्वं कागदावर ठेवून चालणार नाही, राज्यांनी नियम बदलावेत, समितीचा अहवाल शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानावा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा संसदेत २०१३च्या फेब्रुवारीत संमत झाला आणि ९ डिसेंबर २०१३ला लागू झाला. कायद्यात नाव अंतर्गत समिती, महाराष्ट्रात अजून ‘विशाखा समिती’च चालतं. तक्रार काय होऊ शकते त्याचे पाच प्रकार कायद्यात आहेत: नको असलेला स्पर्श किंवा जवळीक, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रं-व्हिडिओ दाखवणं आणि अशा स्वरूपाचं अन्य कुठलंही नकोसं वागणं. त्यापुढच्या भागात बढतीचं आमिष, नोकरी घालवण्याची धमकी, कामाच्या जागी दहशतीचं वातावरण हेही आहे. लोक पहिली यादी वाचून थांबतात. प्रकरणं दुसऱ्या यादीत अडकतात.

मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाची वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. एका खासगी बँकेच्या प्रशिक्षणवर्गात एक अधिकारी सहकारी महिलेला तिच्या लांब केसांवरून म्हणाला की हे सांभाळायला जेसीबी लागत असेल, आणि केसांवरच्या एका जुन्या हिंदी गाण्याची ओळ गुणगुणला. समितीने गैरवर्तन धरलं, त्याला पदावनत केलं गेलं, पुण्याच्या औद्योगिक न्यायालयाने ते कायम केलं. उच्च न्यायालयाने म्हटलं, आरोप खरे धरले तरी हा लैंगिक छळ ठरत नाही. मला हा निकाल त्या घटनेपुरता पटतो. एका वाक्यावर माणसाचं पद खाली आणायला समितीने आणखी पुष्कळ काही दाखवायला हवं होतं. पण निकालानंतर ऑफिसांच्या व्हॉट्सअॅप गटांत जे विनोद फिरले, ते वाचून वाटलं की लोकांनी त्यातून भलतंच उचललं: आता शेरेबाजीला परवाना. शेरेबाजी मात्र किरकोळ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१८ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणातल्या छळावर मोठा अहवाल काढला. त्यात नोंदवलं आहे की सर्वांत जास्त आढळतो तो मागणी किंवा स्पर्श यांचा छळ नव्हे, बायकांना तुच्छ लेखणारं, त्या इथल्या नाहीतच असं भासवणारं रोजचं बोलणं-वागणं. आणि छळ होईल की नाही याचा सर्वांत खात्रीचा अंदाज संस्थेच्या हवेवरून येतो: तक्रार केली तर ऐकतील की बघून घेतील?

या रोजच्या तुच्छतेत जात मिसळली की समितीची कशी पंचाईत होते, ते मुंबईने २०१९च्या मे महिन्यात पाहिलं. डॉ. पायल तडवी नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. तडवी भिल्ल समाजातल्या, जळगावकडच्या. २२ मे रोजी त्यांनी आयुष्य संपवलं. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, अॅट्रॉसिटी आणि रॅगिंगविरोधी कायद्यांखाली खटला उभा राहिला. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९पासून आहे. पायल यांच्या घरच्यांनी आधीच गाऱ्हाणं घातलं होतं, असं कुटुंबाचं म्हणणं. अशी तक्रार आली की प्रत्येक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतं. विशाखावाले म्हणतात यात लैंगिक काय, रॅगिंगवाले म्हणतात लेखी द्या, विभागप्रमुख म्हणतात कामाचा ताण सगळ्यांनाच असतो. छळ सोसणारीला या टेबलांच्या हद्दी ठाऊक नसतात. तिला एवढंच कळतं की उद्याच्या शस्त्रक्रियेला उभं राहू देणार की नाही हे त्यांच्याच हातात आहे.

चौकशी घाईने केली तर काय होतं, याचा धडा गोव्याने दिला. तो पुरता वाचण्यासारखा आहे, कारण त्यात दोन्ही बाजू हरल्या. २००९ साली गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने मे महिन्यात एकामागून एक बैठका लावल्या. त्या प्राध्यापकाने प्रकृतीचं कारण देऊन मुदत मागितली, ती पुरेशी मिळाली नाही. समितीने त्याच्या गैरहजेरीत काम पुढे रेटलं आणि जूनच्या सुरुवातीला अहवाल दिला. नोकरी गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली ते योग्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ला सगळं रद्द केलं: बाजू मांडायला पुरेसा अवसर दिला नाही, नैसर्गिक न्याय पाळला नाही, चौकशी पुन्हा करा. मधे १४ वर्षं गेली होती. तेव्हाच्या विद्यार्थिनी केव्हाच शिकून बाहेर पडल्या असणार, पोटापाण्याला लागल्या असणार. त्यांना आता कुठल्या तोंडाने म्हणायचं, या, साक्ष पुन्हा द्या?

त्या समितीचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. मुलींच्या बाजूने उभं राहायची घाई होती, इतकंच. पण तक्रारदाराच्या बाजूने उभं राहायचं तर समोरच्याला दोन तारखा जास्त द्याव्या लागतात, हे समित्यांना कुणी शिकवत नाही. कायद्यात चौकशीला ९० दिवस आहेत, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, ६० दिवसांत कारवाई. शिक्षक, लिपिक, एचआरची मॅडम, एक बाहेरची ताई अशा चार-पाच जणांनी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार वापरून चौकशी चालवायची. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात जबाब लिहून घेतलेला नसतो. गोव्याच्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्ताचा हवाला देऊन नमूद केलं की ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ ठिकाणी समितीच नाही. समिती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मोठ्या संस्थेला तो कँटीनच्या खर्चात बसतो.

सहीचा मुद्दा कायदा करणाऱ्यांना कळला नव्हता असंही नाही. नियमावलीतला आठवा नियम मला सगळ्या कायद्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. चौकशी चालू असताना तक्रारदाराने लेखी मागितलं तर समिती शिफारस करू शकते की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तिचा गोपनीय अहवाल लिहू नये, आणि शिक्षणसंस्था असेल तर तिच्या कुठल्याही शैक्षणिक कामावर देखरेख करू नये. म्हणजे चौकशी संपायची वाट न बघता सही काढून घ्यायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांत तर कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख असल्या मोठ्या पदांवरच्यांनी समितीत बसायचंच नाही असं आहे. विद्यार्थ्यांचा प्रश्न असेल तेव्हा विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी हवेत, मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांचाही विचार हवा. व्हरांड्यातल्या त्या फळ्यावर दोन विभागप्रमुख होते. विद्यार्थी एकही नव्हता.

दिल्लीच्या जेएनयूने १९९९पासून निवडणुकीने प्रतिनिधी घेणारी आपली स्वतंत्र समिती चालवली होती. २०१७ साली ती बाजूला सारून कायद्याच्या साच्यातली अंतर्गत समिती आणली गेली. साचा सगळ्यांना सारखा, हे नियम म्हणून बरोबरच. पण चालणारी गोष्ट मोडून न चालणारी बसवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

आणि संस्थेचा प्रमुखच समोर असेल तर? अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका अध्यापिकेने २०२३च्या डिसेंबरमध्ये कुलगुरूविरुद्ध तशीच तक्रार केली. शेवटची घटना त्याच वर्षीच्या एप्रिलमधली. कायद्याची मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. तक्रार मुदतबाह्य ठरली. तिचं म्हणणं होतं की ऑगस्टमध्ये तिला एका केंद्राच्या संचालकपदावरून काढलं, ते याच छळाचं शेपूट. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२५ला ते मानलं नाही, ती प्रशासकीय कारवाई ठरवली. पण पीठाला काहीतरी खटकलं असावं. हा निकाल कुलगुरूंच्या बायोडेटाचा भाग राहील असा आदेश दिला. सोडून द्यावं, विसरू नये, असा त्यामागचा सूर. या शिक्षेबद्दल वकिलांत दोन तट आहेत. मला त्यापेक्षा ती मुदत खुपते. ज्याच्या सहीवाचून पदवी मिळत नाही त्याच्याविरुद्ध मुलीने तीन महिन्यांत तक्रार करायची, म्हणजे पीएचडी अर्ध्यावर असताना. दिल्लीच्या न्यायालयाने २०२१ साली पत्रकार प्रिया रमाणींना अब्रुनुकसानीच्या खटल्यात निर्दोष ठरवताना म्हटलं होतं की दशकांनंतरही स्त्री आपलं गाऱ्हाणं मांडू शकते. तक्रारीच्या मुदतीचं कॅलेंडर त्या निकालाने बदललं नाही.

ओडिशात बालासोरच्या फकीर मोहन महाविद्यालयातल्या बी.एड.च्या विद्यार्थिनीने तीन महिने वाट पाहिली नव्हती. विभागप्रमुखाविरुद्ध तिने लेखी तक्रार दिली होती, अंतर्गत समितीने चौकशीही केली होती. हजेरी, परीक्षा, वर्ष वाया जाण्याची धमकी, सगळं त्या तक्रारीत होतं. १२ जुलै २०२५ला तिने आवारातच स्वतःला पेटवून घेतलं. दोन दिवसांनी भुवनेश्वरच्या एम्समध्ये ती गेली. विभागप्रमुख आणि प्राचार्य, दोघांनाही अटक झाली. समिती होती, कागद होते, मुदतीत तक्रार होती. हजेरीपुस्तक कुणाकडे राहिलं होतं, हे मात्र विचारायला हवं होतं.

कंपन्यांचं थोडं पुढे सरकलं आहे. जुलै २०२५पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांहून जास्त किती रेंगाळल्या, हे द्यावं लागतं. ताईंना यातून फारशी आशा नाही. “आता निरंक इंग्रजीत लिहितील,” त्या म्हणाल्या.

या सगळ्यात ऑफिस आहे, एचआर आहे, नोटीस बोर्ड आहे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य कष्टकरी बायकांच्या वाट्याला यातलं काहीच नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथे, किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईसाठी, जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकामगार बाईबाबत कायदा जरा विचित्र वागतो: प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत तक्रार पोलिसांकडे पाठवायची. म्हणजे तिने काम टिकवून, मान राखून न्याय मागायचा मार्गच नाही, एकदम पोलीस ठाणं. धुणीभांडी करणाऱ्या बाईने सोसायटीतल्या साहेबाविरुद्ध ठाण्याची पायरी चढायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सोसायटीच्या गेटवरच्या वहीत सही करून बाकीच्या चार घरांत शिरायचं. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी आणि समिती नेमायला तारखा घालून दिल्या. नियमांप्रमाणे स्थानिक समितीच्या अध्यक्षांना कामाच्या दिवसाचे २५० रुपये आणि सदस्यांना २०० रुपये मिळतात. वर प्रवासखर्च, तोही तिकीट जपून ठेवलं तर.

दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून ट्रॅक्टर-ट्रक भरून ऊसतोडीचे कोयते पश्चिम महाराष्ट्रात उतरतील. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत, एक दिवस अंग टाकलं तर खाडा. २०१९ साली राज्याच्या समितीने बीड जिल्ह्यात ८० हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. तेव्हा चर्चा झाली ती डॉक्टरांची. रात्री तीनला उठून फडात जाणाऱ्या, पालात झोपणाऱ्या, आडोशाला जायचं तरी सोबत शोधणाऱ्या बाईने मुकादमाबद्दल किंवा गाडीवानाबद्दल तक्रार कुणाकडे करायची, हा प्रश्न त्या चर्चेत आलाच नाही. कारखाना म्हणतो, ही मुकादमाची माणसं. मुकादम म्हणतो, मी फक्त टोळी आणली. कायदा मात्र याबाबत अगदी स्पष्ट आहे: कंत्राटदारामार्फत आलेली, मुख्य मालकाला ठाऊक नसलेलीसुद्धा कर्मचारीच. मग उत्तर कारखान्याने द्यायचं. दर हंगामाआधी पुण्याच्या साखर आयुक्तालयातून गाळप परवाना निघतो, आणि त्यासाठी उसाच्या हमीदराच्या (एफआरपी) थकबाकीपासून कितीतरी गोष्टी तपासल्या जातात. फडातल्या बायकांसाठी समिती आहे का, तिच्या सदस्यांचे मोबाइल नंबर टोळीपर्यंत पोहोचले का, हे दोन रकाने त्याच अर्जात घालायला नवा कायदा लागत नाही. परवान्यावर सही करणाऱ्याने ते भरल्याशिवाय पेन उघडायचं नाही, एवढं ठरवलं तरी येत्या हंगामात कारखाने धावपळ करतील.